कर्करोगावर विषाणू सोडण्याचा उपचार: आत्यासाठी विचारते आहे, पण विषय मुळातूनही समजून घ्यायचा आहे

वडगावची_भाची (धागाकर्ती) | रविवार, दुपारी ४:१०

नमस्कार मंडळी.

माझ्या आत्याचे वय ६१ आहे. डाव्या गालाच्या आतल्या बाजूला झालेल्या कर्करोगासाठी दोन वर्षांपूर्वी पुण्यातच तिची शस्त्रक्रिया झाली, नंतर रेडिएशनही झाले आणि मधला काळ बरा गेला. गेल्या महिन्यात मानेच्या त्याच बाजूला पुन्हा गाठ लागली. पेट स्कॅन आणि बायोप्सीनंतर डॉक्टरांनी सांगितले की, गाठ मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेली असल्यामुळे पुन्हा शस्त्रक्रिया करता येणार नाही आणि यापुढचे उपचार आजार आटोक्यात ठेवण्यासाठी असतील.

त्याच आठवड्यात परदेशी असलेल्या आतेभावाने एक चित्रफीत पाठवली. तिच्यात प्रयोगशाळेत बदल केलेला विषाणू गाठीत टोचतात आणि तो विषाणू गाठ 'खाऊन टाकतो' असे दाखवले होते. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. आतेभावाने परदेशातल्या एका उपचारकेंद्राच्या प्रतिनिधीशी बोलणेही केले. प्रतिनिधीने बावीस लाखांचा आकडा सांगितला. कोणता विषाणू आहे, किती रुग्णांना दिला आणि त्याचे काय झाले, असे मी विचारल्यावर 'आधी नोंदणीची रक्कम भरा, मग डॉक्टर बोलतील' असे उत्तर आले.

मी जे वाचले ते असे. अमेरिकेच्या औषध नियामकाने ऑक्टोबर २०१५ मध्ये टी-व्हेक नावाच्या विषाणू-औषधाला मान्यता दिली, आणि ते मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगासाठी आहे. म्हणजे ही निव्वळ अफवा नाही. मग मेलानोमाला जे चालते ते गालाच्या कर्करोगाला का चालू नये? हे उपचार भारतात का नाहीत? आणि आत्याच्या बाबतीत या वाटेने जाण्यात काही अर्थ आहे का? जाणकारांनी स्पष्ट लिहावे. धीर देण्यासाठी गोड लिहू नये, ही विनंती.

---

डॉ_शल्यक | रविवार, रात्री १०:३५

ताई, मी डोके-मानेच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रिया करतो. आपल्या आत्यांचे कागद पाहिल्याशिवाय त्यांच्याविषयी काही सांगणे योग्य होणार नाही. विषयाबद्दल मात्र लिहितो, आणि सुरुवात 'खाऊन टाकतो' या शब्दांपासून करतो, कारण बहुतेक गैरसमज तिथूनच सुरू होतात.

टी-व्हेक हा मूळचा हर्पीस सिम्प्लेक्सचा पहिला प्रकार आहे. तापानंतर ओठाच्या कडेला जे बारीक फोड येतात, ते याच विषाणूचे. निरोगी पेशीत विषाणू शिरला की पेशी प्रथिने बनवण्याचे आपले सगळे काम थांबवते. चोर घरात आल्याचे कळल्यावर दुकानदाराने स्वतःच शटर ओढून घ्यावे, म्हणजे चोराला माल मिळू नये, असा तो प्रकार आहे. हर्पीसकडे आयसीपी ३४.५ नावाचे एक जनुक असते आणि ते हे शटर पुन्हा उघडायला लावते. शास्त्रज्ञांनी ते जनुकच काढून टाकले. त्यामुळे हा विषाणू निरोगी पेशीत अडकून पडतो. बऱ्याच कर्कपेशींत मात्र शटर ओढण्याची यंत्रणा आधीच बिघडलेली असते, म्हणून तिथे तो वाढतो आणि पेशी फोडून बाहेर पडतो.

एवढ्यावरच थांबले असते तर हे औषध फारसे कामाचे ठरले नसते, असे माझे मत आहे. खरी मेख पुढच्या दोन बदलांत आहे. आयसीपी ४७ हे दुसरे जनुकही काढून टाकले आहे. एरवी ते जनुक बाधित पेशीला आपल्या आतल्या प्रथिनांचे तुकडे पृष्ठभागावर मांडू देत नाही, म्हणजेच शरीराच्या पहारेकऱ्यांपासून पेशीला लपवते. शिवाय जीएम-सीएसएफ या मानवी प्रथिनाचे जनुक विषाणूत घातले आहे आणि ते प्रथिन प्रतिकारपेशींना गाठीकडे बोलावून घेते. पेशी फुटतात, त्यांच्यातला माल बाहेर सांडतो आणि बोलावलेल्या पेशी तो पाहून शिकतात. विषाणू स्वतः जेवढ्या पेशी मारतो, त्याहून महत्त्वाचे म्हणजे आजवर डोळ्यांआड राहिलेला शत्रू तो शरीराला दाखवून देतो.

याचा पुरावा मूळ चाचणीतच आहे. तीत ४३६ रुग्ण होते. सहा महिने किंवा अधिक टिकणारा प्रतिसाद टी-व्हेकच्या गटात १६.३ टक्के रुग्णांना मिळाला, तर नुसते जीएम-सीएसएफ घेणाऱ्यांत २.१ टक्क्यांना. ज्या गाठींत औषध टोचले, त्यांतल्या ६४ टक्के गाठी निम्म्याने किंवा अधिक आकसल्या. जिथे सुई लागलीच नाही अशा त्वचेच्या आणि लसिकाग्रंथींच्या गाठींपैकी ३४ टक्के आकसल्या. यकृत-फुप्फुसांसारख्या आतल्या अवयवांत मात्र हे प्रमाण १५ टक्क्यांवर आले. न टोचलेली गाठ आकसते ती प्रतिकारयंत्रणा शिकल्यामुळे, आणि ती गाठ जितकी खोल तितका हा परिणाम ओसरतो, असे मी या आकड्यांवरून समजतो. एकूण आयुर्मानाचा मध्यांक, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ, २३.३ महिने विरुद्ध १८.९ महिने होता, आणि संख्याशास्त्राची कसोटी अगदी केसभर अंतराने हुकली.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. मेलानोमा हा मुळातच प्रतिकारयंत्रणेला लवकर दिसणारा कर्करोग आहे, आणि त्याच्या गाठी पुष्कळदा त्वचेवर, सुईच्या टप्प्यात असतात. गाल आणि मानेच्या कर्करोगात टी-व्हेक वापरून पाहिलेले आहे. आजार परतलेल्या ३६ रुग्णांना ते पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीसोबत दिले गेले. प्रतिसाद १४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे नुसत्या पेम्ब्रोलिझुमॅबच्या अपेक्षेपेक्षा वेगळा नव्हता, आणि एका रुग्णाचा धमनीतून रक्तस्राव होऊन मृत्यू झाला. तो मृत्यू टी-व्हेकशी संबंधित ठरवला गेला. पुढचा टप्पा झाला नाही. रक्तवाहिनीला चिकटलेली गाठ झपाट्याने वितळणे ही प्रत्येक वेळी आनंदाची बातमी नसते, हे शल्यचिकित्सकाला चांगले ठाऊक असते. आपण वर्णन केलेली गाठ मानेतच आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

---

आजानुबाहू | सोमवार, सकाळी ८:०५

डॉक्टरसाहेब, आकडे ठीक आहेत, पण एक प्रश्न उरतोच. विषाणूने कर्करोग बरा झाल्याच्या नोंदी शंभर वर्षांपासून आहेत असे मी वाचले आहे. शंभर वर्षांत एकच औषध? विषाणू फुकट मिळतो, त्याचे पेटंट घेता येत नाही, म्हणून कंपन्यांनी हे दाबून ठेवले असावे, अशी शंका आल्याशिवाय राहत नाही.

---

पाषाणकर | सोमवार, रात्री ९:२०

आजानुबाहू यांची शंका रास्त आहे, परंतु तिचे उत्तर वेगळे आहे. मी आयुष्याची ३१ वर्षे विषाणूंच्या प्रयोगशाळेत पेशी वाढवण्यात आणि बाटल्या मोजण्यात काढली आहेत, तेव्हा थोडे विस्ताराने लिहितो.

नोंदी जुन्या आहेत हे खरे. जॉर्ज डॉक या अमेरिकन डॉक्टरांनी १९०४ मध्ये रक्ताच्या कर्करोगाच्या एका बाईची हकीकत छापली. इन्फ्लुएन्झासारखा आजार होऊन गेल्यावर तिच्या वाढलेल्या पांढऱ्या पेशी काही काळ खाली आल्या होत्या. माणसाचा इन्फ्लुएन्झा विषाणू प्रयोगशाळेत हाती लागला तो १९३३ मध्ये, म्हणजे डॉक यांनी परिणाम पाहिला तेव्हा कारण कोणी पाहिलेलेच नव्हते. १९७१ मध्ये युगांडातल्या एका मुलाची नोंद आली. त्याच्या डोळ्याजवळची बर्किट लिम्फोमाची, म्हणजे लसिकापेशींच्या एका कर्करोगाची, गाठ उपचाराविना, नुसता गोवर आल्यावर विरली होती. अशा नोंदी वाचताना अंगावर काटा येतो. पण बहुतेकींच्या शेवटी एक वाक्य असतेच: काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी आजार परतला.

मधल्या काळात लोकांनी प्रयत्न केले नाहीत असेही नाही. १९५० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये चेस्टर साउदम यांनी कर्करुग्णांना वेस्ट नाइलचा विषाणू टोचून पाहिला. काहींच्या गाठी लहान झाल्या, काहींना मेंदूज्वर झाला. याच गृहस्थांनी १९६३ मध्ये एका रुग्णालयातल्या वृद्धांना काय टोचतो आहोत हे न सांगता जिवंत कर्कपेशी टोचल्या, आणि त्यावरून झालेला गदारोळ रुग्णाच्या संमतीच्या इतिहासात आजही शिकवला जातो. हा मार्ग थंडावण्याचे कारण म्हणजे जंगली विषाणूला लगाम नव्हता, आणि केमोथेरपी तोवर हाताशी आली होती. लगाम घालण्याची विद्या पुढे जनुकशास्त्राने दिली. १९९१ मध्ये रॉबर्ट मार्टुझा आणि सहकाऱ्यांनी एक जनुक काढलेला हर्पीस उंदरांतल्या मेंदूच्या गाठीवर वापरून दाखवला, आणि आजचा प्रवास खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाला. पेटंटचे म्हणाल, तर घडवलेल्या विषाणूचे पेटंट घेता येते. टी-व्हेक बनवणारी छोटी कंपनी २०११ मध्ये एका बड्या कंपनीने विकत घेतली, ती काही औषध दाबण्यासाठी नव्हे.

आणि औषध एकच नाही. चीनने २००५ मध्ये एच१०१ हा सर्दी आणणाऱ्या घराण्यातला, जनुक काढलेला अ‍ॅडिनोव्हायरस केमोथेरपीसोबत डोके-मानेच्या कर्करोगासाठी मान्य केला. नुसत्या केमोला सुमारे ४० टक्के रुग्णांत गाठ आकसली, तर विषाणू जोडल्यावर सुमारे ७९ टक्क्यांत. पण ही मान्यता गाठ आकसण्यावर मिळाली होती, रुग्ण जास्त जगतो हे दाखवून नव्हे. जपानने जून २०२१ मध्ये जी४७डेल्टा हा तीन जागी बदललेला हर्पीस मेंदूच्या घातक गाठीसाठी सशर्त आणि मुदतबंद मान्य केला. त्या चाचणीत रुग्ण होते १९. वर्षभरानंतर ८४.२ टक्के हयात होते. त्या आजारात हा आकडा मोठा आहे, पण एकोणीस हा आकडाही विसरून चालणार नाही.

---

सदाशिवपेठी | सोमवार, रात्री ९:५१

धागा उत्तम चालला आहे. 'विषाणू-औषध' हा शब्द आवडला. 'अभियांत्रिकीकृत विषाणू' असले काही कोणी लिहू नये अशी नम्र सूचना करतो. 'घडवलेला विषाणू' पुरेसे आहे.

---

जेजुरीचा_कोंबडीवाला | मंगळवार, सकाळी ६:४०

पाषाणकर काका, थोडे अवांतर वाटेल, पण विचारतो. आमच्या शेडमध्ये पिल्लांना मानमोडीची लस म्हणून लासोटाचा थेंब डोळ्यात टाकतात. हाच विषाणू माणसाच्या कर्करोगावर वापरतात असे आमच्या पशुवैद्यांनी सांगितले. हे खरे आहे का, की माझी गंमत केली?

---

पाषाणकर | मंगळवार, सकाळी ७:३०

गंमत केलेली नाही. मानमोडी म्हणजे राणीखेत आणि राणीखेत म्हणजेच इंग्लंडात न्यूकॅसल नावाने ओळखला जाणारा आजार. त्याचा विषाणू कोंबडीला मारतो आणि माणसाला फार तर डोळे आणतो. आपल्या निरोगी पेशी त्याला इंटरफेरॉनच्या, म्हणजे विषाणू आल्याची धोक्याची घंटा वाजवणाऱ्या प्रथिनाच्या, जोरावर हाकलून लावतात. ज्या कर्कपेशींत ते इंटरफेरॉनचे दार मोडलेले असते, तिथे तो शिरकाव करतो. शिवाय हर्पीस किंवा गोवराविरुद्ध जशी प्रतिपिंडे आपल्यापैकी बहुतेकांच्या रक्तात आधीच असतात, तशी या विषाणूविरुद्ध नसतात, म्हणून तो शिरेतून दिला तरी लगेच पकडला जात नाही. अडचण वेगळीच आहे: रुग्णाच्या अंगातून तो बाहेर पडला तर धोका तुमच्या शेडला. त्यामुळे त्याच्या तीव्र प्रकारांवर अमेरिकेच्या कृषी खात्याने कडक निर्बंध घातले आहेत. माणसाच्या औषधात कोंबडीचा विचार करावा लागतो, अशी उदाहरणे विरळाच.

---

आजानुबाहू | मंगळवार, सकाळी ११:१५

शंकेचे निरसन बऱ्याच अंशी झाले, आभारी आहे. पण मग क्रोएशियातल्या त्या विषाणूशास्त्रज्ञ बाईंचे काय? त्यांनी स्वतःच्या स्तनाच्या कर्करोगात स्वतःच विषाणू टोचून घेतला आणि त्या बऱ्या झाल्या. त्यातला गोवराचा विषाणू लसीतला होता, आणि तीच लस आपल्या पुण्यात बनते असेही वाचले. तसे असेल तर वडगावच्या ताईंना परदेशी जायची गरजच काय?

---

पाषाणकर | मंगळवार, रात्री १०:०५

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होते, आणि याचे उत्तर नीट दिले पाहिजे, कारण यात अर्धे सत्य आहे.

झाग्रेब विद्यापीठातल्या बेआता हालासी यांनी २०२४ मध्ये स्वतःवरच्या उपचाराची हकीकत छापली. २०२० मध्ये, स्तन काढून टाकलेल्या जागी कर्करोग पुन्हा उद्भवल्यावर त्यांनी सुमारे दोन महिने गाठीत आधी गोवराचा विषाणू आणि नंतर व्हीएसव्ही हा जनावरांचा विषाणू टोचून घेतला. गोवराचा वाण होता एडमन्स्टन-झाग्रेब. हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटची गोवराची लस याच वाणाची आहे, त्यामुळे तुम्ही वाचले ते बरोबर आहे. दुसऱ्या विषाणूचे आपल्याशी नाते याहून जवळचे आहे. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातल्या रुग्णांपासून पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने, जो चांदीपुरा विषाणू वेगळा केला तो व्हीएसव्हीचाच भाऊबंद. लहान मुलांना मेंदूज्वर आणणाऱ्या घराण्यातला एक भाऊ औषध म्हणून तपासला जातो, हे विषाणूंच्या जगात नवल नाही.

पण हालासी यांच्या हकीकतीतले जे भाग बातम्यांत गळतात ते असे. त्यांचे कर्करोगतज्ज्ञ सतत लक्ष ठेवून होते, बिघडले तर नेहमीचे उपचार लगेच सुरू करण्याच्या तयारीने. गाठ आकसून सैल झाल्यावर ती शस्त्रक्रियेने काढली. त्यानंतर वर्षभर ट्रॅस्टुझुमॅब हे औषध दिले. म्हणजे विषाणूने गाठ कापण्याजोगी केली. बाईंना बरे करण्याचे श्रेय कोणाला किती, हे एका रुग्णावरून वाटता येत नाही. आणि विषाणू त्यांनी आपल्या प्रयोगशाळेत स्वतः वाढवून शुद्ध केलेला होता, लसीची कुपी फोडलेली नव्हती.

कुपी का चालत नाही, हा हिशेब करण्यासारखा आहे. गोवराच्या लसीच्या एका मात्रेत कमीत कमी १,००० संसर्गक्षम एकके असावी लागतात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २०१४ मध्ये मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेतल्या कर्करोगाच्या दोन रुग्णांना गोवराचा घडवलेला विषाणू शिरेतून दिला, तेव्हा मात्रा होती एकावर अकरा शून्ये इतक्या एककांची. लसीच्या किमान पातळीने भागले तर ती दहा कोटी मात्रांइतकी होते, म्हणजे जवळजवळ सगळ्या महाराष्ट्राला पुरेल एवढी लस एका माणसाच्या शिरेत. दोघींपैकी एकीचा आजार नऊ महिने पूर्ण नाहीसा झाला, आणि दोघींच्याही रक्तात गोवराची प्रतिपिंडे अगदी थोडी होती म्हणूनच त्यांची निवड झाली होती. आपल्या पिढीत बहुतेकांना लहानपणी गोवर येऊन गेलेला असतो. ताईंच्या आत्यांना तो आला असेल, तर शिरेतून दिलेला विषाणू गाठीपर्यंत पोहोचण्याआधीच रक्तातली प्रतिपिंडे त्याला धरतील. शिवाय केमोने प्रतिकारशक्ती उतरलेल्या रुग्णाला जिवंत लस देणे धोक्याचे असते. म्हणून कोणीही हा प्रयोग घरी किंवा ओळखीच्या डॉक्टरकडून करून घेण्याचा विचारसुद्धा करू नये.

---

हिशेबनीस | बुधवार, दुपारी १:४०

मी औषध-नियमनाच्या कागदपत्रांचे काम करतो, म्हणून बावीस लाखांबद्दल लिहितो.

लाटव्हियात २००४ मध्ये रिगव्हिर नावाच्या विषाणू-औषधाची नोंदणी झाली होती. तो कोणताही बदल न केलेला एक एंटेरोव्हायरस, म्हणजे आतड्यांत वाढणाऱ्या घराण्यातला विषाणू, होता. बाहेरच्या देशांतले रुग्ण पैसे भरून ते घेत, कौतुकाच्या चित्रफितीही पुष्कळ होत्या. २०१९ मध्ये तपासणी झाली, तेव्हा कुपीत लिहिल्यापेक्षा फारच कमी विषाणू निघाला आणि विक्री थांबवली गेली. म्हणजे ज्याच्या नोंदणीवर सरकारी शिक्का होता, त्या औषधाचीही ही कथा. विषाणूचे नावच सांगायला जो तयार नाही, त्याच्या कुपीत काय असेल हे कोण तपासणार?

टी-व्हेक बाजारात आले तेव्हा कंपनीने एका रुग्णाचा सरासरी खर्च सुमारे ६५,००० डॉलर धरला होता. ते उणे ७० ते उणे ९० अंशांत साठवावे लागते, आणि टोचलेल्या जागेवरची पट्टी बदलताना घरच्यांनी हातमोजे घालावेत, गर्भवती बाईने त्या जागेपासून दूर राहावे, असे नियम पाळावे लागतात. ज्या मेलानोमासाठी ते आहे तो भारतात तुलनेने विरळ. आपल्याकडे ते का नाही, याचे मुख्य कारण मला तरी यातच दिसते.

भारतात अशी चाचणी करायची तर केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेची परवानगी, जैवसुरक्षेसाठी जैवतंत्रज्ञान विभागाच्या समितीची छाननी आणि रुग्णालयाच्या नैतिकता समितीची मान्यता लागते. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, जनुकोपचारांसाठी २०१९ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शिका काढलेली आहे. चाचणी सुरू होण्यापूर्वी तिची नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री-इंडिया या सार्वजनिक संकेतस्थळावर असणे २००९ पासून बंधनकारक आहे, आणि तिथे कोणालाही शोध घेता येतो. २०१९ च्या नियमांप्रमाणे चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई देण्याची जबाबदारी चाचणी करणाऱ्यावर असते. 'प्रायोगिक उपचार' म्हणायचे आणि रुग्णाकडूनच लाखो मागायचे, हे जिथे दिसेल तिथून उठून यावे.

अजून एक. आपल्याकडे आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेली, ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्य झालेली कार-टी उपचारपद्धती नेक्सकार१९ हीसुद्धा 'विषाणूचा उपचार' म्हणून फिरवली जाते. तिथे विषाणू नुसता टपालवाला आहे: शरीराबाहेर रुग्णाच्या टी-पेशींत नवे जनुक पोहोचवणे एवढेच त्याचे काम. आणि ती रक्तातल्या बी-पेशींच्या कर्करोगांसाठी आहे, गालासाठी नव्हे.

---

वडगावची_भाची | बुधवार, रात्री ११:२५

आपणा सर्वांचे मनापासून आभार. हिशेबनीस यांचा प्रतिसाद आतेभावाला वाचून दाखवला. तो आधी चिडला, मग गप्प झाला. रजिस्ट्रीवर मी दोन तास शोधले, पण आत्याच्या आजाराला आणि स्थितीला लागू पडेल अशी विषाणूची चाचणी मला मिळाली नाही. डॉ_शल्यक यांना एकच विचारते. विषाणूचे खरे काम प्रतिकारयंत्रणेला दाखवून देणे हे असेल, तर तेच काम दुसऱ्या कशाने होणार नाही का?

---

डॉ_शल्यक | गुरुवार, रात्री १०:५०

ताई, प्रश्न अचूक विचारलात.

होते, आणि म्हणूनच घडवलेल्या विषाणूंची वाट अवघड झाली आहे. टी-व्हेकला मान्यता मिळाली त्याच सुमारास चेकपॉइंट औषधे आली. प्रतिकारपेशींना कर्कपेशी जो ब्रेक लावते, तो ती सोडवतात. विषाणूने शत्रू दाखवावा आणि या औषधाने ब्रेक काढावा, ही जोडी कागदावर फार देखणी दिसते. पहिल्या छोट्या चाचणीत २१ पैकी ६२ टक्के रुग्णांना प्रतिसाद मिळाला आणि आम्ही सगळेच हरखलो. मग मेलानोमाच्या ६९२ रुग्णांची मोठी चाचणी झाली, तीत टी-व्हेक जोडल्याने ना आजार थोपवण्याचा काळ लक्षणीय वाढला, ना आयुष्य. यकृताच्या कर्करोगावरची देवीच्या लसीच्या विषाणूची मोठी चाचणीही २०१९ मध्ये निष्फळ म्हणून मध्येच थांबवली गेली. आरपी१ या नव्या हर्पीसने चेकपॉइंट औषधाला न जुमानणाऱ्या मेलानोमात सुमारे तिघांत एकाला प्रतिसाद दिला, तरी तुलनेसाठी दुसरा गट नसलेली चाचणी पुरेशी नाही, असे म्हणून अमेरिकेच्या नियामकाने जुलै २०२५ मध्ये मान्यता नाकारली. यावर आमच्या क्षेत्रात बराच वाद झाला. माझे मन नियामकाच्या बाजूने झुकते, कारण एकवीस रुग्णांवर हरखण्याची किंमत आम्ही एकदा मोजली आहे.

आता आपल्याला उपयोगी पडेल ते लिहितो. तीच चेकपॉइंट औषधे परतलेल्या डोके-मानेच्या कर्करोगातही वापरतात, पण पूर्ण मात्रेचा खर्च आपल्याकडे बहुतेकांना झेपत नाही. परळच्या टाटा मेमोरियलने मात्राच कमी करून पाहिली. निवोलुमॅब एरवी दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम देतात, त्यांनी दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम दिले, सोबत मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब या तोंडाने घ्यायच्या गोळ्या. १५१ रुग्णांच्या या चाचणीत चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले होते. नुसत्या गोळ्यांवर वर्षभरानंतर १६.३ टक्के हयात होते, तर निवोलुमॅबची चिमूट जोडल्यावर ४३.४ टक्के. आयुर्मानाचा मध्यांक ६.७ महिन्यांवरून १०.१ महिन्यांवर गेला. गोड लिहू नका असे आपणच म्हणालात, म्हणून दोन्ही आकडे दिले: टक्केवारी सुखावते, महिने जमिनीवर आणतात.

आत्यांना हे लागू आहे का, हे त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचे. थायरॉइड, यकृत आणि पूर्वीचे काही स्वयंप्रतिरोधक आजार तपासल्याशिवाय देऊ नये. परंतु ट्यूमर बोर्डापुढे, म्हणजे उपचार मिळून ठरवणाऱ्या तज्ज्ञांच्या बैठकीपुढे, कागद ठेवताना 'कमी मात्रेच्या निवोलुमॅबचा विचार झाला आहे का?' असे नेमके विचारा. कोणताही समंजस डॉक्टर या प्रश्नाने दुखावणार नाही.

---

जेजुरीचा_कोंबडीवाला | शुक्रवार, सकाळी ६:१५

ताई, आत्यांना बरे वाटो. बावीस लाख वाचले, हेही थोडे नाही.

---

वडगावची_भाची | पुढचा गुरुवार, रात्री ९:३०

उशिरा लिहिते आहे, क्षमस्व. आमच्या डॉक्टरांनी प्रश्न शांतपणे ऐकून घेतला, बोर्डापुढे ठेवला, आणि रक्ताच्या तपासण्या ठीक आल्यावर सोमवारी आत्याला पहिली छोटी मात्रा शिरेतून दिली. अर्ध्या तासाचे काम होते. गोळ्या त्याच रात्री सुरू केल्या. पुढची मात्रा तीन आठवड्यांनी आहे आणि दोन-अडीच महिन्यांनी स्कॅन करायचे ठरले आहे.

आत्याला मी विषाणूचे सगळे समजावून सांगितले होते. तिने शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, "म्हणजे माझ्या अंगातल्या शिपायांना हा चोर दोन वर्षं दिसलाच नाही?" मी हो म्हटले. मग तिने स्वतःच उठून फडताळाच्या वरच्या फळीवरची मिश्रीची डबी काढून माझ्या हातात दिली. शस्त्रक्रियेच्या वेळी फेकली असे तिने आम्हा सगळ्यांना सांगितले होते.

स्कॅन झाले की इथेच कळवते.